अत्तर, ऊद आणि महागडे शॉवर जेल : सुगंधाचे पैसे नेमके कशाला जातात?

ईद जवळ आली की मुंबईच्या मोहम्मद अली रोडपासून भिवंडी, मालेगाव आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यापर्यंत अत्तराच्या टेबलांभोवती गर्दी जमते. काचेच्या छोट्या बाटल्या, मनगटावर ओढून दाखवलेली तेलाची रेघ आणि "भाई, ये सूंघ के देखो" हा आग्रह आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अलीकडे याच दुकानांत दुसराही माल मांडलेला दिसतो. सुगंधी बॉडी वॉश, शॉवर जेल, बॉडी मिस्ट, बॉडी बटर, मखमली खोक्यातलं बखूर. लग्नात नवरीला द्यायच्या सामानातही आता या गिफ्ट सेटने जागा पटकावली आहे.

गंमत अशी की 'ऊद' हा एकच शब्द शंभर रुपयांच्या रोल-ऑनवरही छापलेला असतो आणि तीन हजारांच्या सेटवरही. 'चंदन', 'कस्तुरी', 'अंबर', 'गुलाब' या शब्दांचंही तेच. घेणाऱ्याला वाटतं, महाग आहे म्हणजे अस्सल असणार. ते तसं नसतं. सुगंधावर खर्च करू नका असं सांगायला आम्ही बसलेलो नाही. हौसेला मोल नसतं आणि स्वच्छ अंघोळ करून खुशबू लावणं ही तर जुम्म्याची सुन्नतच. पण जे नाव वाचून आपण पैसे देतो ती वस्तू बाटलीत आहे का, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

रूह, अत्तर आणि कंपाउंड

अरबीतला 'इत्र' मराठीत अत्तर झाला. या धंद्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. 'रूह' म्हणजे फुलाचं किंवा मुळाचं निव्वळ तेल, त्यात दुसरं काहीही नाही. रूह गुलाब, रूह खस ही त्याची उदाहरणं. पारंपरिक अर्थाने 'अत्तर' म्हणजे फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवून तयार केलेला सुगंध. फूल आणि चंदन दोन्ही त्यात असतात. तिसरा प्रकार व्यापारी भाषेत 'कंपाउंड'. कारखान्यात बनलेले सुगंधी घटक, थोडी नैसर्गिक तेलं आणि ते पातळ करायला एखादं वासहीन द्रावण. टेबलावरच्या बहुतांश बाटल्या या तिसऱ्या प्रकारातल्या असतात. प्रसिद्ध परदेशी परफ्यूमच्या नावाने मिळणारी सगळी 'अत्तरं' याच जातीची.

कंपाउंड वापरण्यात गैर काही नाही. चांगलं कंपाउंड दिवसभर टिकतं, खिशाला परवडतं, आणि कितीतरी छोट्या दुकानदारांचं घर त्यावर चालतं. आमची तक्रार फक्त एवढीच की कंपाउंडला कंपाउंड म्हणून विकावं.

कन्नौजची देग आणि भपका

अस्सल अत्तर कसं बनतं हे एकदा नीट समजून घेतलं की किमतीचं कोडं आपोआप सुटतं. त्यासाठी उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला जावं लागेल. सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी असलेलं हे गाव आज अत्तरासाठी ओळखलं जातं, आणि 'कन्नौज परफ्यूम'ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

इथली रीत देग-भपक्याची. देग म्हणजे तांब्याचं मोठं भांडं, मातीच्या भट्टीवर पक्कं बसवलेलं. त्यात पाणी आणि पहाटे तोडलेली फुलं टाकतात. गुलाब सूर्य वर यायच्या आत खुडावा लागतो, ऊन चढलं की त्याचं तेल उडायला लागतं. वर झाकण ठेवून कडेने ओल्या मातीचा आणि कापसाचा लेप थापतात, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. झाकणातून एक बांबूची नळी निघते, तिला चोंगा म्हणतात. तिच्यावर सुतळी गुंडाळलेली असते. नळीचं दुसरं टोक लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जातं. हाच भपका. भपका पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. भट्टीत लाकूड किंवा गोवऱ्या जळत राहतात, फुलांचा वास वाफेवर स्वार होऊन नळीतून येतो, थंड होतो आणि चंदनात उतरतो.

या कामात घड्याळ किंवा तापमापक फारसा कामाला येत नाही. भट्टीवरचा कारागीर देगच्या आतली उकळी कान देऊन ऐकतो, हौदात हात घालून भपका किती तापला ते चाचपतो. भपका भरत आला की देगवर ओलं फडकं फिरवून वाफ तेवढ्यापुरती थांबवतो आणि भपका बदलतो. रात्रभर निवल्यावर तेल वर आणि पाणी खाली असं वेगळं होतं. पाणी काढून परत देगमध्ये ओततात, त्यात दुसऱ्या दिवशीची ताजी फुलं पडतात आणि पुन्हा तेच. चंदन फुलाच्या वासाने पुरतं भरेपर्यंत हे दिवसामागून दिवस चालतं. शेवटी तयार अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरतात. कातडं उरलीसुरली ओल बाहेर सोडतं, तेल मात्र आत धरून ठेवतं.

इथल्या दोन अत्तरांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. एक म्हणजे मिट्टी. यात फूलच नाही. भाजलेली कोरडी माती देगमध्ये घालून तिची वाफ चंदनात उतरवतात, आणि बाटलीतून जो वास येतो तो मे महिन्यात तापलेल्या जमिनीवर पडलेल्या पहिल्या सरीचा. ज्याने विदर्भाचा किंवा मराठवाड्याचा उन्हाळा काढलाय त्याला याची ओळख करून द्यावी लागत नाही. दुसरं शमामा. हे एका फुलाचं अत्तर नव्हे; मुळं, साली, मसाले, राळ अशा पुष्कळ पदार्थांचा हा अर्क असतो, त्याची कृती घराण्याघराण्यात वेगळी असते आणि ती कुणी सहसा सांगत नाही. शमामा आणि हिना गरम मानली जातात, म्हणून थंडीत लावायची. खस, केवडा, गुलाब, मोगरा उन्हाळ्याची. जुने लोक हा नियम काटेकोर पाळायचे.

खस म्हणजे आपला वाळा. तांब्याच्या भांड्यात काढलेल्या रूह खसला हिरवट रंग येतो तो तांब्यामुळेच. पण हिरवा रंग म्हणजे अस्सलपणाचा पुरावा असं समजू नका, रंग काय, वरूनही घालता येतो. केवड्याचं मोठं ठिकाण ओडिशातला गंजाम जिल्हा, तिथे नर झाडाचं कणीस वापरतात. जाता जाता एक महत्त्वाची सूचना: बिर्याणीत घालायचं 'मीठा अत्तर' किंवा केवडा वेगळा, अंगाला लावायचा वेगळा. बाटली सारखीच दिसते म्हणून टेबलावरचं अंगाचं अत्तर पातेल्यात टाकू नये. खाण्याचं असेल तर त्यावर खाद्यपदार्थांचा परवाना क्रमांक छापलेला असतो.

चंदन महागलं आणि अत्तर बदललं

या सगळ्या गोष्टीचं मूळ चंदनात आहे. भारतीय चंदनाचं झाड तेल देण्याइतकं जून व्हायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात. तेल फक्त आतल्या गाभ्यात आणि मुळांत. टिपू सुलतानने १७९२ साली त्याला राजवृक्ष ठरवलं असं सांगतात. पुढे म्हैसूर संस्थान आणि मग सरकारकडे मक्तेदारी राहिली. पहिल्या महायुद्धात लाकडाची निर्यात अडली तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये तेलाचा कारखाना काढला आणि १९१८ पासून मैसूर सँडल साबण सुरू झाला, जो आजही आपल्या न्हाणीघरात दिसतो. स्वतःच्या रानातलं झाडसुद्धा मालकाला मोकळेपणी तोडता येत नसे, त्यामुळे शेतकरी चंदन लावायचं टाळत आणि चोरटी तोड मात्र चालू राहिली. कर्नाटक आणि तामिळनाडूने २००१ आणि २००२ मध्ये नियम सैल केले, तोवर जंगलातलं चंदन खूपच कमी झालं होतं.

आज चांगल्या भारतीय चंदन तेलाचा भाव किलोला एक लाख रुपयांच्या बराच वर आहे. आपण कमीत कमी म्हणून लाखच धरू. म्हणजे ग्रॅमला शंभर रुपये. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एका तोळ्याचं नुसतं चंदनच ११६६ रुपयांचं. त्यात अजून फूल नाही, लाकूड-गोवऱ्या नाहीत, कारागिराची मजुरी नाही, बाटली नाही, दुकानाचं भाडं नाही. आता दोनशे रुपये तोळा 'असली चंदन का गुलाब' कसा मिळेल, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गुलाबाचा हिशोब आणखी कडक. एक किलो रूह गुलाबाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात. फुलं शंभर रुपये किलोने मिळाली असं समजलं तरी एका किलो तेलात साडेतीन-चार लाखांची फुलं गेली. तीन मिलीच्या बाटलीत दहा-बारा किलो फुलं असतात असं म्हटलं की चित्र डोळ्यासमोर येतं.

यामुळे कन्नौजमध्येही भपक्यात चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिनसारखी स्वस्त, वासहीन तेलं आली. फूल खरं, पण ते धरून ठेवणारं तेल खनिज. काही ठिकाणी फूलही गेलं आणि फक्त कंपाउंड राहिलं. गुटखा-पानमसाला आणि सुगंधी तंबाखूचे कारखाने हे कन्नौजचे मोठे गिऱ्हाईक बनून बसलेले, हेही खरं आहे; अंगाला लावायला अस्सल अत्तर मागणारे कमी होत गेले, तेव्हा भट्टी पेटती ठेवायला त्यांना दुसरं कोण होतं? देग-भपका सांभाळून असलेली घराणी अजून आहेत. पण दुकानात शेजारी दोनशेचा तोळा आणि दोन हजारांचा तोळा ठेवलेला असतो, दोन्हींवर नाव एकच असतं, आणि फरक सांगणारं कुणी नसतं. नुकसान इथे होतं. गिऱ्हाईक फसतं ते वेगळंच, पण ज्याने पंधरा दिवस भट्टीपाशी बसून माल काढला त्याची मेहनत या एका सारख्या नावाने मातीमोल होते.

ऊद, कस्तुरी, अंबर

ऊद म्हणजे अगर. झाड निरोगी असेल तर त्याचं लाकूड फिकट, बिनवासाचं. त्याला जखम होऊन बुरशीचा संसर्ग झाला की झाड बचावासाठी काळपट राळ तयार करतं, आणि ती राळ भरलेलं लाकूड म्हणजे ऊद. आसाममध्ये या झाडाला सांची म्हणतात. तिथलं होजाई हे अगरच्या व्यापाराचं जुनं ठिकाण. आखाती देशांत आज नाव कमावलेल्या अजमल परफ्यूम्सचं कुटुंब मूळचं तिथलंच, आणि त्यांचा धंदा वाढला तो मुंबईत येऊन. रानातली झाडं इतकी तोडली गेली की २००४ पासून अगरच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या बंधनाखाली आहे. खऱ्या ऊदच्या तेलाला गोठ्यासारखा, चामड्यासारखा, थोडा आंबूस वास येतो आणि पहिल्यांदा हुंगणाऱ्याला तो आवडतोच असं नाही. शॉवर जेलमधला गोड, गुळगुळीत 'ऊद' ही प्रयोगशाळेतली रचना असते.

कस्तुरीबद्दल तर दुमत नकोच. कस्तुरी मृगाला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे संरक्षण आहे, तेव्हा कुणी 'असली मुश्क' विकत असेल तर एक तर ती कस्तुरी नाही, किंवा तो गुन्हा आहे. बाजारातलं व्हाइट मस्क पूर्णपणे कृत्रिम असतं आणि ते ठीकच आहे. अंबरचंही तसंच. मूळ अंबर म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. 'व्हेल माशाची उलटी' पकडल्याच्या मुंबई-ठाणे-कोकणातल्या बातम्या आपण वाचतोच. आपल्या देशात त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे. दुकानातलं अंबर हे राळ, डिंक आणि रसायनांचं मिश्रण असतं.

ही हौस आजची नाही

नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने सुगंध आणि ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला, त्यात शंभराहून जास्त कृती आहेत. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानने लावला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. खुद्द जहांगीरने मात्र आपल्या आठवणींत श्रेय तिच्या आईला, अस्मत बेगमला दिलं आहे. गरम गुलाबपाण्यावर आलेला तेलकट थर तिने गोळा केला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्याला 'इत्र-ए-जहांगिरी' नाव दिलं. दक्खनही मागे नव्हतं. विजापूरच्या इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात (१५८०–१६२७) 'इत्र-ए-नौरसशाही' नावाचा फक्त सुगंधावरचा ग्रंथ तयार झाला. आणि आपल्या महाराष्ट्रात अत्तार हे आडनावच आहे. समारंभाच्या शेवटी अत्तरगुलाब आणि पानसुपारी देण्याची मराठी रीत सगळ्या धर्मांच्या घरांत होती. अत्तरदाणी, गुलाबदाणी आजही कित्येक घरांच्या कपाटात आहेत.

न्हाणीघरातला महागडा माल

आता बाथ अँड बॉडीच्या खोक्यांकडे वळू. इथे पहिली गोष्ट म्हणजे लेबल वाचायचं, पुढचं नाही, मागचं. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटकांची यादी, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक छापावा लागतो, आणि बाहेरून आलेल्या मालाची इथे नोंदणी झालेली असावी लागते. "दुबईवरून आणलंय" एवढ्यावर भागत नाही. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. म्हणून पहिली चार-पाच नावं म्हणजे मुख्य माल. शॉवर जेलमध्ये ती जवळजवळ नेहमी पाणी, फेस करणारे घटक आणि घट्टपणा आणणारा घटक अशीच निघतात, दीडशेच्या बाटलीत आणि दीड हजाराच्या बाटलीतही. 'गुलाब अर्क' शोधत शोधत यादीच्या शेवटी जावं लागतं. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दाआड डझनावारी रसायनं असू शकतात, ती वेगवेगळी सांगायचं बंधन आपल्याकडे नाही. युरोपात २६ सुगंधी घटकांची नावं लिहिणं २००५ पासून सक्तीचं होतं आणि २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या वर गेली. म्हणून आयात मालावर लिनॅलूल, लिमोनिन, जिरॅनिऑल अशी नावं दिसतात. ती पाहून घाबरू नका. उलट लेबल प्रामाणिक असल्याची ती खूण आहे.

साबणात टीएफएमचा आकडा बघावा, म्हणजे खऱ्या साबणाचा अंश. टॉयलेट सोपच्या पहिल्या ग्रेडला किमान ७६ टक्के, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६०. 'बाथिंग बार' लिहिलं असेल तर ४० टक्क्यांवरही चालतं. सोनेरी कागदात गुंडाळलेली महागडी वडी उलटी करून बघितली तर कितीदा 'बाथिंग बार'च निघते. काही बार साबण नसून सिंडेट असतात, त्यांना हा आकडा लागू होत नाही. कोरड्या त्वचेला ते बरे पडतात.

गुलाबपाणी खरेदी करताना यादीत डिस्टिल्ड गुलाबपाणी किंवा 'रोझा डॅमासेना फ्लॉवर वॉटर' हवं. नुसतं पाणी, परफ्यूम आणि रंग असेल तर ते वासाचं पाणी. पाहुण्यांवर शिंपडायला चालेल, चेहऱ्याला नको.

बॉडी मिस्टमध्ये सुगंधाचा अंश फार कमी, बाकी अल्कोहोल आणि पाणी. तास-दोन तासांत वास उतरला तर माल खराब नाही, तो तसाच असतो. बॉडी बटर आणि तेल मात्र अंगावर राहतं, म्हणून वासही राहतो. यावरून आमचा सरळ सल्ला: जे धुऊन मोरीत जाणार त्यावर कमी खर्चा, जे अंगावर राहणार त्यावर जास्त. साध्या, बिनवासाच्या साबणाने अंघोळ, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं तेल किंवा क्रीम, आणि वर चांगल्या अत्तराचे दोन ठिपके. हजारांच्या सेटपेक्षा हे जास्त वेळ टिकतं. कोरड्या त्वचेवर वास लवकर उडतो.

आणि घरचं उटणं का विसरायचं? वाळा, नागरमोथा, कपूर कचरी, आंबेहळद, गुलाबाच्या सुक्या पाकळ्या, मुलतानी माती किंवा मसूरडाळीचं पीठ. काष्ठौषधींच्या दुकानात हे सगळं सुटं मिळतं. दळून दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवून लावलं की हमामचा थाट. डबाबंद 'रॉयल उबटन' यापेक्षा वेगळं काही नसतं, असलाच तर वरून मारलेला परफ्यूम.

त्वचा आणि श्वास

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा गैरसमज आहे. गुलाबाच्या अस्सल तेलातही ॲलर्जी देणारे घटक असतात. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. लाली, खाज, पुरळ आलं तर सोडून द्या, आणि वाढलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. लिंबूवर्गीय तेलं लावून उन्हात गेल्यास डाग पडू शकतात. दाढी केल्याकेल्या, जखमेवर, गुप्तांगाला सुगंधी वस्तू लावू नये. तान्ह्या बाळाला तर अजिबात नको, मग वास कितीही गोड असो. बखूर आणि लोबान जाळताना खिडकी उघडी ठेवा. तो शेवटी धूरच आहे आणि दम्याच्या माणसाला त्रास देतो.

दीनचे काही प्रश्न

अल्कोहोल असलेला परफ्यूम लावून नमाज होते का, हा प्रश्न दर रमजानमध्ये येतो. याबाबत उलेमांची मतं वेगळी आहेत. द्राक्ष-खजुरापासून न बनलेल्या, न पिण्याच्या अल्कोहोलला बरेच जण परवानगी देतात, काही जण सावधगिरी म्हणून टाळायला सांगतात. आपल्या मसलकच्या जाणकाराला विचारावं. तेलातल्या अत्तरात सहसा अल्कोहोल नसतं, त्यामुळे तिथे हा पेचच पडत नाही. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं, इहरामच्या हालतीत खुशबू मना आहे. त्यात सुगंधी साबण, शॅम्पू, क्रीमही आले, म्हणून सामानात बिनवासाचा साबण हवा. नेहमीच्या सवयीने हॉटेलातली छोटी वडी उचलली जाते.

इस्राफचं काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांना सुगंध प्रिय होता आणि भेट मिळालेली खुशबू नाकारू नये अशी शिकवण आहे, तेव्हा सुगंधालाच उधळपट्टी म्हणता येणार नाही. उधळपट्टी होते ती खोक्याची. कर्ज काढून, हप्ते बांधून गिफ्ट सेट द्यायची जी चाल लग्नांत पडते आहे, ती आम्हाला पटत नाही.

घेताना

कागदावर थेंब टाकून डाग उडतो का बघणं, पाण्यात टाकणं, जाळून बघणं, या परीक्षांवर फार विसंबू नका. मुरलेला विक्रेता या सगळ्यांत पास होईल असा माल देऊ शकतो. खात्रीची तपासणी प्रयोगशाळेतच होते. कन्नौजच्या सुगंध आणि स्वाद विकास केंद्रात (स्थापना १९९१) ती होते, पण तोळाभर अत्तरासाठी कुणी तिथे जाणार नाही. त्यापेक्षा दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: हे देग-भपक्याचं आहे की कंपाउंड? बेस चंदन आहे की दुसरं? आणि बिलावर तसं लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नावर कळतं. चांगला दुकानदार कंपाउंडला कंपाउंड म्हणतो, आणि अशांची दुकानं आपल्या प्रत्येक शहरात एक-दोन तरी असतात.

पहिल्यांदा तोळा घेऊ नका. तीन मिली घ्या. दुकानात चारपेक्षा जास्त वास हुंगले की नाक काम करेनासं होतं, म्हणून एक मनगटावर लावून घरी या आणि असरपर्यंत बघा. वरचा पहिला वास अर्ध्या तासात उडून जातो, त्यानंतर उरतं ते खरं अत्तर. पांढऱ्या कुर्त्यावर थेट लावलं तर तेलाचा डाग पडतो. जुन्या लोकांसारखा कापसाचा फाया करून कानात ठेवा, किंवा मनगटावर लावा, फक्त मनगटं एकमेकांवर घासू नका. बाटली उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर कंपाउंड लवकर बिघडतं. चंदनावरचं अत्तर मात्र काळोख्या कपाटात घट्ट बूच लावून ठेवलं तर वर्षागणिक मुरत जातं.